आवाज मोठा म्हणून पाप मोठे?

आपल्या समाजाला अधूनमधून एखादा आरोपी लागतो. एकेकाळी तो सिनेमा होता, मग दूरदर्शन आले. आज त्या पिंजऱ्यात हेवी मेटल संगीताचा शौकीन उभा आहे. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर काटेरी झुडपासारख्या दुर्बोध अक्षरांत कुठल्याशा बँडचे नाव, कानांत ढोलांचा गडगडाट आणि समोर गडद रंगाच्या, महागड्या 'क्राफ्ट' बीअरचा पेला. आरोपपत्र तयारच असते: संगीत सैतानाचे, पेय पापाचे, मुलगा हातचा गेला. आईवडिलांची चिंता खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु या आरोपपत्रातील पुरावा तपासू लागले, म्हणजे तो बहुधा दोनच गोष्टींवर येऊन थांबतो: आवाज मोठा आहे आणि रंग काळा आहे. पापाचे असे माप काढण्याची रीत ख्रिस्तसभेची नव्हे, एवढेच मला या लेखात ठामपणे मांडावयाचे आहे.

प्रथम या संगीताचे जन्मस्थान पाहू. १९६८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतील चार तरुण एकत्र आले आणि पुढे 'ब्लॅक सॅबथ' या नावाने प्रसिद्ध झाले. ते नाव कोणत्याही काळ्या पूजेतून आलेले नाही. ते एका भयपटाचे नाव होते. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनविली आणि तो पुन्हा वाजवू लागला. पुढे त्याने तारा सैल केल्या. त्यामुळे स्वर खाली उतरला, जड झाला. ज्या खर्जाला आपण नरकाची घरघर म्हणतो, त्याच्यामागे एका जखमी कामगाराची हिकमत आहे. या बँडची बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथॉलिक घरात वाढला. १९७१ च्या त्यांच्या अल्बममध्ये देवावरील श्रद्धेची बाजू घेणारे त्याचे एक गीत आहे. ते किती उपदेशकांनी ऐकले असेल?

या बँडच्या १९७० मधील पहिल्याच अल्बमच्या आरंभी एक स्वरयुगुल येते. युरोपात त्याला 'संगीतातला सैतान' असे टोपणनाव पडले. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने त्यावर बंदी घातली होती, ही कथा मेटलवाले अभिमानाने सांगतात आणि आपण भीतीने सांगतो. वस्तुतः अशा बंदीचा दाखला मिळत नाही. आणि ते स्वरयुगुल म्हणजे काय? षड्ज आणि तीव्र मध्यम! ज्या यमन रागात आपल्याकडे सायंकाळची भजने गायिली जातात, त्या रागाचा प्राणच हा तीव्र मध्यम आहे. स्वरात सैतान बसत नाही, वाचकहो. तो बसलाच तर गाणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या हेतूत बसतो.

कोणी म्हणेल, तरी एवढा गोंगाट कशासाठी? या प्रश्नाला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीतासंबंधी जे आज्ञापत्र काढले, त्यात चर्चमध्ये पियानो वर्ज्य ठरविला आणि ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही मनाई केली. त्यानंतर साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात लोकांच्या परंपरागत संगीताला आदराचे स्थान दिले आणि पवित्र उपयोगास योग्य अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. म्हणून तर आज आपल्या मिस्सामध्ये ढोलकी आणि तबला वाजतो. स्तोत्रसंहितेचे शेवटचे स्तोत्र तर झणझणणाऱ्या झांजांनीही देवाची स्तुती करावयास सांगते. ढोलकीचे हे पावित्र्य आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे, की ती एकेकाळी मनाई असलेल्या जातीची होती याचा आपल्याला विसर पडला. मेटल मिस्सामध्ये आणा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु गोंगाट हा स्वयमेव पापाचा पुरावा मानता येणार नाही.

या शौकिनाला त्यात आनंद तरी कशाचा मिळतो? तबल्याच्या द्रुत लयीलाही मागे टाकणारी, दोन्ही पायांनी वाजविलेल्या ढोलांची गती. छातीत घुमणारा खर्ज. कंठाच्या तळातून काढलेला घोगरा, शब्दांपलीकडचा आक्रोश. मृत्यू, युद्ध, वेड, एकाकीपणा या ज्या गोष्टी गोड गाण्यांत येत नाहीत, त्या येथे उघड बोलल्या जातात. कडवटपणाची गोडी सावकाश लागते. आपल्या घरी सुके बोंबील भाजले जातात, तेव्हा परका माणूस नाक धरतो आणि आपल्या तोंडाला पाणी सुटते. परक्याचे नाक हे काही नीतिशास्त्राचे प्रमाण नव्हे. ईयोबाच्या ग्रंथातील विलाप ज्याने मनापासून वाचला आहे, त्याला मानवी आक्रोश ऐकून एवढे दचकण्याचे कारण नाही.

आता त्या पेल्याकडे वळू. मोठ्या कारखान्यांतील एकसुरी बीअरला कंटाळून लहान भट्ट्यांत, हाताच्या कसबाने आणि निरनिराळ्या चवींनी जी बीअर केली जाते, तिला क्राफ्ट बीअर म्हणतात. अमेरिकेत या भट्ट्यांचे आणि मेटलचे मेतकूट जमले आहे. इंडियाना राज्यातील थ्री फ्लॉइड्स ही भट्टी आपल्या 'डार्क लॉर्ड' या काळ्याकुट्ट बीअरसाठी दरवर्षी उत्सव भरविते आणि त्यात मेटल बँड वाजतात. 'डेसिबल' या मासिकाने २०१७ पासून फिलाडेल्फियात मेटल आणि बीअर यांचा संयुक्त महोत्सव सुरू केला. नावे ऐकून छाती दडपते. परंतु ज्या कसबाचा हे तरुण अभिमान बाळगतात, ते युरोपात शतकानुशतके जपले आमच्या मठांनी. बेल्जियममधील वेस्टमाल, शिमे, ओर्व्हाल या ट्रॅपिस्ट मठांची बीअर जगभर नावाजली जाते. वेस्टव्लेटरेनचे मठवासी तर मठाच्या निर्वाहापुरतीच बीअर बनवितात. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवीत नाहीत. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्सच्या कडवट फुलांचा टिकाऊपणासाठी होणारा उपयोग लिहून ठेवला. २०१२ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित करण्यात आले. आणि रोमन विधिग्रंथात बीअरला आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे, हे किती धर्मग्रामस्थांना ठाऊक आहे?

म्हणजे प्यावे तितके प्यावे काय? नाही. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात मठवासीयांना दिवसाला द्राक्षारसाचे एक ठरावीक माप दिले, तेही नाखुषीने, आणि तृप्तीपर्यंत पिऊ नये असे बजावले. संत थॉमस अक्विनास मद्यधुंदीला पाप म्हणतात. पण सर्व सुखांकडे पाठ फिरविणाऱ्या अरसिकतेलाही ते दुर्गुणच म्हणतात. त्यांचे माप विवेकाचे आहे. त्या मापाने मोजू लागलो, तर पिंजऱ्यात वेगळीच माणसे उभी राहतील. एका पेल्यातील भाजलेल्या माल्टची चव ओळखत तासभर बसणारा तरुण आपल्याला अधःपतित वाटतो. आणि लग्नाच्या मांडवात चव न बघता घशाखाली ओतणारा, रात्री घरी जाऊन बायकोवर हात उगारणारा सभ्य गृहस्थ आपल्याला दिसतच नाही, कारण त्याचा शर्ट पांढरा असतो आणि रविवारी तो मिस्साला हजर असतो. दारूने आपली किती घरे बसविली, हे येथे सांगावयाची गरज नाही. त्या घरांत मेटल वाजत नव्हते.

या तरुणांनाही मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली, त्या उंची काळ्या बीअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण बीअरच्या तिप्पटही असते. कसबी हाताने केलेले मद्य हे मद्यच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ६ जून १९९२ रोजी नॉर्वेत बर्गनजवळील फान्टॉफ्टचे बाराव्या शतकातील लाकडी चर्च आगीत भस्मसात झाले. त्यानंतर तेथे चर्चे जळण्याची मालिकाच सुरू झाली. मेटलच्या एका शाखेतील काही तरुणांचा तिच्यात हात होता. त्यांपैकी एका संगीतकाराला खून आणि अनेक चर्चांची जाळपोळ यांबद्दल १९९४ मध्ये एकवीस वर्षांची शिक्षा झाली. हा गुन्हा त्या माणसांचा होता, साऱ्या संगीतप्रकाराचा नव्हे. परंतु 'ते केवळ संगीत आहे' ही सबबही येथे चालणार नाही. ज्या गीताचा सारा आनंद क्रुसावरील वेदनेची थट्टा करण्यात आहे, ते गीत ऐकताना मन कोठे उभे असते, हा प्रश्न श्रद्धावान तरुणाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आपण त्याला विचारतो काय? २००६ मध्ये 'स्लेयर' या अमेरिकन बँडच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर ख्रिस्ताचे छिन्नविच्छिन्न चित्र होते. मुंबईतील एका कॅथॉलिक संघटनेने आक्षेप घेतला आणि कंपनीने भारतातील सर्व माल परत घेतला. आक्षेप रास्त होता. ते चित्र मलाही असह्य वाटते. परंतु आपण विजय साजरा करून स्वस्थ बसलो. २००७ च्या फेब्रुवारीत त्याच अल्बममधील एका गीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या बँडचा गायक टॉम अराया स्वतःला कॅथॉलिक म्हणवितो. श्रद्धावान म्हणविणारा माणूस असली गीते कशी गातो? धर्मशिक्षणाच्या वर्गात चर्चेला यावा असा हा विषय, पण दुकानातील माल हटला आणि चर्चाही हटली. आज तर संगीत दुकानातून येतच नाही, ते खिशातल्या फोनमधून येते. तेथे कोणता माल परत घ्यावयास लावणार?

इटलीतील कपुचिन संन्यासी चेझारे बोनित्सी यांनी वेगळी वाट धरली. अंगावर तपकिरी झगा, छातीवर पांढरी दाढी, अशा वेषात ते मेटल गात उभे राहिले आणि २००८ मध्ये 'गॉड्स ऑफ मेटल' या महोत्सवाच्या मंचावर गेले. पुढच्याच वर्षी ते त्यातून बाहेर पडले. प्रत्येक धर्मगुरूने असे करावे, असे नाही. परंतु काळ्या शर्टांच्या त्या गर्दीला त्यांनी शत्रू मानले नाही, एवढे तरी आपल्याला घेता येईल.

ज्या घरात असा मुलगा वा मुलगी आहे, त्या आईवडिलांनी एकदा त्याच्याशेजारी बसून त्याचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मग विचारावे: यातले शब्द काय सांगतात? हे ऐकून तू अधिक एकटा होतोस की कमी? तुझा पेला कोठे थांबतो? हेच प्रश्न वडिलांनी आपल्या स्वतःच्या पेल्यालाही विचारावेत. नाहीतर मुलगा उत्तर देणार नाही, आणि न देण्याचा त्याला हक्क आहे. बंदीचा ठराव करणे सोपे असते, त्याला सगळ्यांचे हात वर होतात. मात्र ज्याच्याविरुद्ध तो ठराव होतो, तो त्यानंतर युवकांच्या सभेला येत नाही, हळूहळू मिस्सालाही येत नाही, आणि मग आपण म्हणतो, बघा, संगीताने त्याला नेले.