विचारल्यावरून सांगतो की…

२०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यायालयाने दोन निकाल दिले. कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करणाऱ्या तिघांस फाशी सुनावली गेली आणि ती वार्ता साऱ्या महाराष्ट्राने जिवाचा कान करून ऐकली. परंतु त्याच महिन्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये मारल्या गेलेल्या सतरा वर्षांच्या दलित मुलाच्या खटल्यातील आरोपी, साक्षीदार एकामागून एक फितूर झाल्याने निर्दोष सुटले, याची आठवण आता जिल्ह्याबाहेर कितीजणांना असेल?

साक्षीदार असे का फिरतात, हा मानसशास्त्राचाही प्रश्न आहे; पण न्यायवैद्यक मानसशास्त्र म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते ते आरोपीच्या मस्तकास तारा जोडलेले यंत्र. अशा एका यंत्राने काढलेल्या मेंदूच्या लहरींच्या आलेखाचा आधार घेऊन पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली, तेव्हा परदेशीच्या शास्त्रज्ञांनीही भुवया उंचावल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-आलेखन या तिन्ही चाचण्या संमतीवाचून घेण्यास मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु या वादंगात असा समज मात्र दृढ झाला की मानसशास्त्राचे काम आरोपीच्या अंतःकरणात शिरण्याचे आहे. वस्तुतः आपल्या तपासात त्याची निकड आहे ती साक्षीदाराच्या जबाबापाशी.

ठाण्यातला जबाब ज्याने वाचला आहे त्यास त्याची सुरुवात मुखोद्गत असते: ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’. काय विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, किती वेळा विचारले, याचा त्या कागदावर मागमूस नसतो. तपासी अंमलदाराचा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर यांचा एकच सलग परिच्छेद होतो, आणि ज्यावर साक्षीदाराची सही घेण्यासही कायद्याची मनाई आहे असा तो मजकूर दोन-तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसापुढे विसंगती दाखविण्यासाठी फडकविला जातो. स्मृती ही दप्तरात बांधून ठेवलेली फाईल नव्हे. ती प्रत्येक विचारण्याबरोबर थोडी बदलते, आणि सूचक प्रश्नाने तर अधिकच बदलते.

याचे फळ किती भयंकर असू शकते ते महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका दरोडा-खुनाच्या खटल्यात दिसले. भटक्या जमातींतील सहा जणांस २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी ठोठावली होती; दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, कारण प्रमुख साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून भलत्याच चौघांस ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झालेला नव्हता. ज्या जमातींवर १९५२ पर्यंत कायद्यानेच जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यावर ओळख परेडीतले बोट किती सहज वळते, हाही मानसशास्त्राचाच विषय आहे.

आणि फितुरी? हा शब्द आपण किल्लेदारांच्या इतिहासातून उचलला, तेव्हा त्यात लाच आणि स्वामिद्रोह गृहीतच आहे. ज्यास उद्या त्याच पाणवठ्यावर, त्याच आठवडी बाजारात, आरोपीच्या भाऊबंदांसमोर उभे राहावयाचे आहे, त्या माणसाचे मौन मात्र बहुधा भीतीचे असते. ती भीती पहिल्या दिवशीच हेरून त्यास संरक्षण मिळवून देणे आणि त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घेणे, हे तपासाचेच अंग आहे. साक्षीदार संरक्षण योजनेस सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. खर्ड्याचा निकाल तोवर लागून गेला होता.

जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००८ च्या दुरुस्तीपासून आहे, नव्या संहितेतही आहे, पण मुभाच आहे. ती सक्ती व्हावी. आणि मुद्रणाची सोय सर्व ठाण्यांत होईपर्यंत निदान ‘विचारल्यावरून’ या शब्दाच्या आधी काय विचारले तेवढे तरी लिहिले जावे.