पेढीची सुट्टी आणि कामगाराची रजा

व्यापारी पेढ्यांवर वर्षाच्या सुट्ट्या बहुधा मालकाच्या घरच्या पंचांगाप्रमाणे ठरतात. महावीर जयंतीस व संवत्सरीस दुकान बंद राहते, पगारही कापला जात नाही. मालकास वाटते, देणे फिटले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 निराळे सांगतो. तो लागू असलेल्या आस्थापनेत कामगारास वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या ठरलेल्या; उरलेल्या 4 मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी संमतीने ठरवावयाच्या. ज्याच्या घरी गणपती बसतो, ईद असते किंवा आंबेडकर जयंती साजरी होते, त्याचेही मत त्यात आले. ते क्वचितच विचारले जाते.

सणाची सुट्टी म्हणजे रजा नव्हे. 8 दिवसांची नैमित्तिक रजा वेगळी. न घेतल्यास ती वर्षअखेर संपते. अर्जित रजेचा हिशेब आणखी वेगळा. वर्षात कामाचे 240 दिवस भरले, की दर 20 दिवसांमागे एक दिवस पुढील वर्षी पगारी मिळतो. 300 दिवस पेढी सांभाळणाऱ्या मुनीमाचे 15 दिवस झाले; ही रजा 45 दिवसांपर्यंत साठते. “आमचा माणूस घरच्यासारखा” असे पेढीवर कौतुकाने म्हटले जाते खरे, पण तंटा उभा राहिला की नोंदवहीच मागितली जाते.

नव्या वह्या दिवाळीस उघडतात. रजेचे वर्ष मात्र जानेवारीत सुरू होते. सणांची यादी त्यामुळे डिसेंबरातच, कामगारांसमक्ष, लिहावी लागते.