‘फक्त दहा मीटर’

गेल्या हिवाळ्यात स्वराज द्वीपावर (पूर्वीचे हॅवलॉक) स्कूबासाठी गेलो असता माझ्या हाती एक छापील अर्ज ठेवण्यात आला. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया या साऱ्या रकान्यांपुढे ‘नाही’ची खूण आधीच केलेली होती, उणीव होती ती माझ्या सहीची. कोरा अर्ज मागितला तेव्हा हसून उत्तर मिळाले, “सर, सिर्फ दस मीटर है।”

हे ‘सिर्फ’ भौतिकशास्त्राला मान्य नाही. समुद्रात दर १० मीटरमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ४० मीटरवरून ३० मीटरवर येताना तो पाचावरून चारावर उतरतो, म्हणजे फुप्फुसांत कोंडलेली हवा सव्वापट होऊ पाहते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र तीच हवा दुप्पट होऊ पाहते. शाळेत पाठ केलेला बॉइलचा नियम एवढेच सांगतो की सर्वांत तीव्र सापेक्ष बदल उथळ पाण्यातच असतो, आणि नवशिक्यांना नेले जाते तेही तिथेच! घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो. फुप्फुसे पूर्ण भरलेली असतील तर एक-दीड मीटर वर येणेही वायुकोश फाटण्यास पुरेसे ठरू शकते. तेथून बुडबुडे मेंदूच्या धमन्यांत शिरले की शुद्ध हरपते, माणूस बुडतो, आणि कागदावर उरतो तो ‘बुडून मृत्यू’. मूळ कारण नोंदलेच गेले नाही, तर पुढच्या अपघातातून कोणी काय शिकावे?

स्नॉर्कलिंगला तर आपण खेळ समजतो. डुबकीपूर्वी भराभर खोल श्वास घेतल्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे श्वासाची निकड जाणवून देणारा इशाराच.

आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सहभागाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. ती वाचनीय आहेत; पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. प्राथमिक स्कूबा अनुभवासाठी आयएसओ ११२२१ नव्हे, तर १११२१ हे मानक आहे (हा क्रमांक मी स्वतःही दोनदा चुकवला आहे), तेही ऐच्छिकच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९८ मध्ये एक अमेरिकी दांपत्य प्रवाळभित्तीजवळ मागेच राहिले आणि बोट निघून गेली. आज तिथे २०११ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या कक्षेत स्नॉर्कलिंगही येते. कडक नियमांनी छोटे व्यावसायिक बुडतील, हा युक्तिवाद मला पूर्णपणे फेटाळता येत नाही. तपासणीचा खर्च सरकारने उचलावा, हवे तर. पण प्रत्येक अपघाताची खोली, वेळ आणि हवेचा दाब यांसह सक्तीची, जाहीर नोंद ठेवण्यास कितीसा खर्च येतो?

एका डाइव्हनंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. त्या अर्जात परतीच्या विमानाची वेळ विचारणारा रकाना नव्हता. बोटीत माझ्या शेजारी बसलेले जोडपे त्याच दुपारच्या विमानाने चेन्नईला निघाले होते.