फळी कुजली म्हणून बोट भंगारात कशाला?

सप्टेंबर 2025 मध्ये परांडा तालुक्यात नद्या-ओढ्यांचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा अडकलेली माणसं काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. धाराशिव जिल्ह्यानं तोवर टँकर पाहिले होते, चारा छावण्या पाहिल्या होत्या. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेही पाहिलं होतं. अशा मुलखात बोट ही सरकारी यादीत अगदी तळाला येणारी वस्तू. पूर आला की ती वर सरकते आणि नव्या बोटींची मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण आज घेतलेली बोट सात-आठ वर्षांनी पाण्यात घालायची वेळ येईल तेव्हा तिचं इंजिन जागेवर राहील का, हे कोणी विचारत नाही.

इंजिन टांगलं जातं बोटीच्या मागच्या उभ्या, सपाट भिंतीवर. कारागीर तिला ट्रान्सम म्हणतात. इथं मागची फळी म्हटलं तरी चालेल. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन सत्तर किलोपासून शंभर किलोपर्यंत भरतं. ते नुसतं लटकत नाही, तर सगळी बोट याच फळीतून पुढे ढकलतं. एवढा ताण नुसत्या फायबरच्या पत्र्याला सोसत नाही, तो लवतो. म्हणून आतून-बाहेरून फायबर आणि मध्ये दोन-तीन थर चिकटवलेलं प्लायवुड, अशी भिंत बांधतात. वरून गुळगुळीत, पांढरीशुभ्र. आत लाकूड आहे याचा पत्ता बोट वापरणाऱ्यालाही बरेचदा नसतो.

फायबर कुजत नाही, हे खरं. मधलं लाकूड कुजतं. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, कोणी तरी दोरीसाठी ठोकलेली कडी, या प्रत्येक ठिकाणी लाकडापर्यंत वाट उघडी होते. भोकात भरलेलं सिलिकॉन उन्हानं तडकलं की पाणी झिरपतं. आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, कारण दोन्ही अंगांनी फायबर असतं. बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. म्हणून कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, आणि अर्धवट ओलं, अर्धवट सुकं राहणारं भुसभुशीत होतं.

आता इथल्या जलाशयांकडे पाहावं. सीना-कोळेगाव असो, माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प असो की कळंबच्या सीमेवरचा मांजरा, पाणी भरतं तसं आटतंही. पाणी आटलं की होडी काठाला पालथी किंवा तशीच उताणी पडून राहते. मागची बाजू जड, म्हणून ती खाली, बूच लावलेलं, वळवाचा पाऊस आत साचतो तो नेमका फळीच्या पायथ्याशी. महिनोन् महिने चालणारी बोट जितकी खराब होत नाही तितकी ही पडून राहणारी होते. तहसीलच्या आवारात झाकून ठेवलेल्या बोटीचीही सुटका नाही. बचावकार्यातल्या हवा भरायच्या रबरी बोटींनाही इंजिन लावण्यासाठी मागे बहुधा प्लायवुडचीच फळी असते. रबराला ठिगळ लावायचं किट सोबत येतं, फळीकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही.

तपासणीला यंत्र लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घ्यावी आणि फळीवर वीत-वीत अंतरानं ठोकत जावं. लाकूड शाबूत असेल तिथं आवाज टणक येतो, कुजलं असेल तिथं भदभद. मग इंजिनाचं खालचं टोक धरून वर-खाली हलवावं. फळी आत-बाहेर लवताना दिसली, कोपऱ्यात केसासारख्या चिरा दिसल्या, तर शंका पक्की झाली. शेवटचा निवाडा ड्रिलचा. आतल्या बाजूनं, तळाजवळ, छोटं भोक पाडावं. पिवळसर कोरडा भुसा आला तर भोक बुजवून घरी जावं. काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा बिटाला चिकटून आला, तर त्या बोटीला इंजिन लावून माणसं बसवणं हा गुन्हा समजावा.

इथं बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर फळीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकून बोल्ट आवळतात. पट्टीखाली नवी भोकं पडतात, पाण्याची सोय आणखी चांगली होते आणि कुजकं लाकूड पिळलं जाऊन फळी अधिकच पातळ होते. नाहीतर बोट निर्लेखित करून नवीचा प्रस्ताव जातो. दोन्ही चुकीचं आहे. तळ, बाजू, नाळ धडधाकट असलेली बोट फक्त मागची फळी गेली म्हणून टाकून देणं म्हणजे चौकटीला वाळवी लागली म्हणून वाडा पाडण्यासारखं आहे.

दुरुस्ती किचकट आहे, पण गूढ नाही. इंजिन उतरवायचं. आतल्या बाजूचं फायबर ग्राइंडरनं कापून काढायचं आणि बाहेरचं कवच तसंच ठेवायचं, म्हणजे बोटीचा आकार आणि रंग दोन्ही वाचतात. कुजलेलं प्लायवुड छिन्नीनं खरवडायचं. ते थराथरानं निघतं, काही ठिकाणी हातानंच. मग कवच पूर्ण सुकू द्यायचं. मराठवाड्याचा उन्हाळा कोणाच्या उपयोगी पडत असेल तर इथं! पुठ्ठ्याचा साचा कापून त्याबरहुकूम नवी फळी करायची, सगळ्या कडांना रेझिन पाजायचं, शिकंजे लावून चिकटवायची आणि तळाशी व बाजूंशी काचेच्या कापडाचे थर देऊन जोडून टाकायची. ग्राइंडर चालतो तेव्हा उडणारी काचेची धूळ फुफ्फुसात जाते, अंगाला खाजते. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क आणि गॉगल हवाच.

फळी आणताना एक घोळ ठरलेला. दुकानदार किचनच्या ट्रॉलीसाठी विकतो तेच ‘710’ प्लाय पुढे करतो. आयएस 710 हे मरीन प्लायवुडचं भारतीय मानक, त्यात चूक काही नाही. त्याचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात तग धरेल, अशी त्याची कसोटी असते. पण टिकतो तो डिंक. लाकडावर जंतुरोधक प्रक्रिया केलेली असली तरी वर्षानुवर्षं ओल कोंडून राहिली तर तेही हार मानतं. त्यामुळे पैसा नुसता प्लायवर घालून उपयोग नाही.

रेझिनचंही तसंच. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे भाग करणारे कारागीर स्वस्त पॉलिएस्टर वापरतात. नवा साचा भरायला ते उत्तम, मात्र जुन्या वाळलेल्या फायबरला त्याची पकड कमी. दुरुस्तीला इपॉक्सी महाग पडलं तरी तेच घ्यावं. त्याच्यासोबत सुट्ट्या तंतूंची चटई न वापरता शिवलेलं किंवा विणलेलं कापड घ्यावं, कारण चटईचा बंध पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळायला बनवलेला असतो, इपॉक्सीत तो नीट सुटत नाही. आणि हे काम मे महिन्यात भर दुपारी काढू नये. बेचाळीस अंशांत बादलीभर कालवलेलं मिश्रण हातात असतानाच तापून दगड होतं. पहाटे, थोडं थोडं कालवून करावं. पॉलिएस्टरच वापरायचं ठरलं तर त्याचं हार्डनर आणि कोबाल्ट ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, स्फोट होतो. शिकाऊ पोरांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीदरम्यान होडी उलटून सहा जण गेले. तिथं घात वादळी वाऱ्यानं केला, फळीनं नव्हे. पण त्यानंतरची चर्चा लाइफ जॅकेटवर येऊन थांबली, ती याआधीच्या प्रत्येक अपघातानंतर थांबते तशीच. जॅकेट हवंच. ते बोट उलटल्यावर कामाला येतं. भर पाण्यात इंजिन फळीसकट सुटलं तर बोट वाऱ्याच्या तावडीत सापडते, आणि मागची बाजू उघडी पडून पाणी आत येतं ते वेगळंच. 1917 चा जुना कायदा बाजूला सारून आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक नौकांची तपासणी आणि नोंदणी सांगितलेली आहे. ही तपासणी कागद पाहून उरकू नये, ठोकून व्हावी.

धाराशिव जिल्ह्यासाठी मागणी साधी आहे. दर वर्षी मे महिन्यात, आपत्ती व्यवस्थापनाची उजळणी होते तेव्हाच, प्रत्येक सरकारी आणि पर्यटनाच्या बोटीची मागची फळी तपासावी आणि निकाल बोटीवरच तारखेसह रंगवावा. आयटीआयचा सुतारकाम शिकलेला मुलगा आणि गावातला फायबरचा कारागीर एकत्र बसवले तर हे काम जिल्ह्यातच होईल; बोट ट्रकवर घालून मुंबईला न्यायची गरज नाही. आणि नव्या बोटीच्या निविदेत एक अट घालावी: फळीतलं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं भरायचं, ते वाळल्यावर त्यातूनच बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. एका माणसाचं दोन दिवसांचं काम, आणि पुरवठादार ते आपणहून करत नाहीत.