घरातली मराठी बंद करून इंग्रजी सुधारत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या गणपतीत, आरतीनंतर जेवणाच्या रांगेत, दरवर्षी एक सल्ला कानावर पडतो. नुकतंच भारतातून आलेलं एखादं जोडपं मुलाच्या शाळेबद्दल काळजीनं बोलत असतं. मग इथे पंचवीस वर्षं मुरलेले कुणीतरी काका ताटात मसालेभात घेता घेता सांगतात, "घरी मराठी बंद करा. इंग्रजीच बोला. आणि त्याला शब्दसंग्रहाचं एक जाडजूड पुस्तक आणून द्या."

हा सल्ला मी सतरा वर्षांपूर्वी तंतोतंत पाळला. म्हणून तो खोडून काढायचा मला हक्क आहे असं समजते. आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. दोन वर्षं आम्ही घरात निष्ठेनं इंग्रजी बोललो. तो इंग्रजी शिकला ते शाळेत, मित्रांकडून आणि लायब्ररीतल्या पुस्तकांतून. आमच्याकडून त्याला मिळालं ते 'टुडे ओन्ली फिनिश इट'. गमावलं मात्र बरंच. आज तो बावीस वर्षांचा आहे आणि सोलापूरला आजीशी फोनवर बोलताना "कशी आहेस?"च्या पुढे गाडी सरकत नाही. तीही बिचारी "बरी आहे बाळा" म्हणते आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगते.

गंमत अशी, की त्या काळात इंग्रजी लिहिणं त्याचं नव्हे, माझं कच्चं होतं. त्याच वर्षी ऑफिसात माझ्या कामाचा आढावा झाला. काम उत्तम, पण ईमेल 'अब्रप्ट', म्हणजे तुटक आणि जरा उर्मट वाटतात, असा शेरा मिळाला. बढती हुकली. मी चिडले. शब्दसंग्रह वाढवायला घेतला. 'बिगिन'च्या जागी 'कमेन्स' आणि 'आस्क'च्या जागी 'इन्क्वायर' लिहू लागले. ईमेल जास्तच विचित्र झाले.

वाचकहो, आपली चूक इथेच होते. आपण इंग्रजीला शब्दांचं कोठार समजतो. जितकी पोती जास्त, तितका माणूस श्रीमंत. पण लिहिणं चालतं ते शब्दांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांवर आणि वाक्यांच्या जातींवर. आणि या दोन्ही गोष्टी शिकायचं सगळ्यात जवळचं साधन म्हणजे आपली मराठीच.

उदाहरण घ्या. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले', दोन्हींत मेला रावणच. कोण कोणाचा कोण, हे 'ने' आणि 'ला' सांगतात. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' हे उलटं करा, रामायणच उलटं होईल. जुन्या इंग्रजीलाही असे विभक्तीचे प्रत्यय होते. काही शतकांत ते झडले आणि त्यांचं काम शब्दाच्या जागेवर आणि 'टू', 'विथ', 'फॉर' अशा छोट्या शब्दांवर येऊन पडलं. हे एकदा कळलं, की आपण 'डिस्कस अबाउट' का लिहितो तेही कळतं. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, तो 'बद्दल' सामानात बांधून इकडे आणतो. लग्न कोणा'शी' होतं, म्हणून 'मॅरिड विथ' लिहितो; इंग्रजीत ते 'मॅरिड टू' असतं. यात मराठीचा दोष नाही. दोन भाषा शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत, हा आपला दोष.

शब्दांची सोयरीकही अशीच. थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, ऊन रणरणतं. 'रणरणती थंडी' म्हणणाऱ्याला आपण हसू. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. कडक चहा 'स्ट्राँग' असतो, 'हार्ड' नसतो. समानार्थी शब्दांच्या याद्या हे सांगत नाहीत. त्या 'कमेन्स' आणि 'बिगिन' एका ओळीत बसवतात आणि आपल्याला वाटतं, हे जुळे भाऊ. पण 'पाणी' आणि 'जल' हे तरी कुठे जुळे आहेत? तहान लागल्यावर तुम्ही "जरा जल द्या" म्हणता का? इंग्रजीतही 'आस्क' हा मूळचा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. तिघांच्या पोशाखात फरक आहे. नवऱ्यानं उशिराचं कारण विचारलं तर तो 'आस्क' करतो. 'इंटरॉगेट' पोलीस करतात. तद्भव आणि तत्सम यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला हे समजावायला पाच मिनिटं पुरतात. मराठी कानावरच पडू न देता वाढवलेल्या मुलाला घरचंच हे उदाहरण द्यायची सोय आपण राहू देत नाही.

पीटर मार्क रॉजेटचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ साली निघाला. त्यात त्यानं शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांच्या गटांनुसार लावले. मनातल्या आशयाला नेमका बसेल तो शब्द सापडावा, हा हेतू. साधा शब्द काढून तिथे जड शब्द कोंबण्यासाठी ते पुस्तक नव्हतं. आपण ते नेमकं त्यासाठीच वापरतो.

आता वाक्यांच्या जातींकडे या, कारण माझी बढती तिथे अडकली होती. मी लिहीत असे, 'प्लीज सेंड द फाइल टुडे.' माझ्या मते 'प्लीज' लावलं की संपलं. पण मराठीत आदर क्रियापदात असतो: 'पाठव', 'पाठवा', 'पाठवाल का'. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच 'यू'. मग आदर ठेवायचा कुठे? बऱ्याचदा तो वाक्याच्या प्रकारात ठेवला जातो. आज्ञार्थी वाक्याचं प्रश्नार्थी केलं, 'कुड यू सेंड मी द फाइल टुडे?', की हुकमाची विनंती होते. एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं होतं! विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी हे सोलापूरच्या शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं. ते परीक्षेनंतर कुठे कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं, इतकंच.

केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांचंही तसंच. मराठी मिश्र वाक्य जोडीनं चालतं: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर. म्हणून आपण लिहितो, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' इंग्रजीला एकच दुवा पुरतो. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट'. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण आधी सगळी कारणं मांडून मुद्द्यावर शेवटी येतो. इंग्रजी ईमेल वाचणाऱ्याला मुद्दा आधी हवा असतो. 'मला शुक्रवारी रजा हवी आहे' हे केवल वाक्य पहिलं टाका, मग आईचं आजारपण सांगा. आणि तीन लांब मिश्र वाक्यांनंतर एक छोटं केवल वाक्य ठेवून बघा. वाचणारा तिथे थांबतो.

कुणी म्हणेल, शब्द तर लागतातच की. लागतात. मुलांनी इंग्रजी पुस्तकं भरपूर वाचावीत, तेही मान्य. पण त्यासाठी मराठीचा बळी द्यायचं कारण काय? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर तर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत नेऊन. त्या पिढ्यांना इंग्रजीसाठी घरातली भाषा सोडावी लागली नाही.

एक टोला आपल्या मराठी शाळांनाही. रविवारी दोन तास आपण मुलांना श्लोक, गाणी आणि संक्रांतीचं हळदीकुंकू शिकवतो. शिकवा, पण दहा मिनिटं मराठी वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली इंग्रजी वाक्य लिहा आणि विचारा, 'ला' कुठे गेला? 'मीच आज येणार', 'मी आजच येणार' आणि 'मी आज येणारच' यांतला 'च' इंग्रजीत कसा न्याल? 'ओन्ली' कुठे बसवाल, की आवाजावर जोर द्याल, की वाक्यच बदलाल? या दहा मिनिटांत मुलं दोन्ही भाषा शिकतील. आणि मराठी म्हणजे सणावारी नेसायचं नऊवारी नव्हे, विचार करायचं हत्यार आहे, हेही त्यांना कळेल.

मी आता मुलाला आठवड्यातून एकदा आजीसाठी चार ओळी मराठीत लिहायला लावते. परवा त्यानं लिहिलं, 'आजी, मी तुझा आठवण करतो.' मी म्हटलं, आठवण करत नाहीत रे, आठवण येते. आणि ती 'तुझी' असते. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे 'आय मिस यू'मध्ये मी काहीतरी करतो, आणि मराठीत ती आपोआप येते?"

पुढच्या गणपतीत काकांनी पुन्हा तोच सल्ला दिला, तर मी हे वाक्य त्यांना ऐकवणार आहे. रांगेत तुम्ही पुढे असाल, तर माझ्या आधी तुम्ही ऐकवा.