आपली लायकी ठरवतं कोण?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये मार्गदर्शन शिबिरं होतात. तिथे मला दोन प्रकारची मुलं-मुली भेटतात. काहीजण एकही सराव परीक्षा न देता 'एका झटक्यात काढतो' म्हणतात. काहीजण चांगले गुण असूनही मागच्या रांगेत बसतात आणि म्हणतात, 'सर, ते आपलं काम नाही.' अंदाज दोघांचाही चुकतो. पहिल्यांचा गैरसमज परीक्षेच्या निकालात उघड होतो. दुसरे परीक्षेलाच बसत नाहीत, त्यामुळे त्यांची चूक कुणालाच दिसत नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

असं का होतं? डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तर्क आणि व्याकरणाच्या चाचण्यांत सर्वांत मागे पडलेले विद्यार्थी स्वतःला सरासरीपेक्षा वर समजत होते. उत्तर चुकलं हे कळायलाही तेच ज्ञान लागतं, जे बरोबर उत्तर द्यायला लागतं. सर्वांत पुढचे विद्यार्थी मात्र स्वतःला थोडं कमी लेखत होते. आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच गेलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे वाद झाले. पण आपला अंदाज आणि आपली कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून नक्की शिकता येतं.

हा अंदाज येतो कुठून? २००३ मध्ये डनिंग आणि जॉयस एर्लिंजर यांनी विद्यार्थ्यांची विज्ञानाची छोटी चाचणी घेतली. मुलामुलींचे गुण जवळपास सारखे होते. पण 'विज्ञान आपला प्रांत नाही' असं आधीपासून मानणाऱ्या मुलींनी आपले गुण कमी धरले. नंतर विज्ञान स्पर्धेत भाग घ्याल का असं विचारल्यावर ७१ टक्के मुलं तयार झाली, मुली फक्त ४९ टक्के.

आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये, कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच होती, कोडी तशीच होती. बदललं ते एवढंच, की समाजाने लावलेली किंमत त्यांना आठवून दिली गेली.

आता आपल्याकडे पाहा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुस्लिम आयएएसमध्ये ३ टक्के होते. २००३ आणि २००४ च्या नागरी सेवा परीक्षेला बसलेल्यांत मुस्लिम उमेदवार ४.९ टक्केच होते. पण जे बसले त्यांच्या यशाचं प्रमाण इतरांइतकंच होतं, असंही अहवाल सांगतो. हे न बसण्यामागे गरिबी आहे, अर्धवट सुटलेलं शिक्षण आहे, भेदभावाची भीतीही आहे. 'आत्मविश्वास वाढवा' म्हणून हे झाकता येणार नाही, सरकारला जाब विचारावाच लागेल. पण ज्याला किंवा जिला फॉर्म भरणं शक्य आहे, त्यांनी 'आपल्याला घेतीलच कशाला' हे वाक्य स्वतःची कुवत समजू नये. ते वाक्य मोहल्ल्यात फिरत फिरत आपल्यापर्यंत आलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. सराव परीक्षा द्या. किती गुण मिळतील ते आधी कागदावर लिहा, मग उत्तरपत्रिका ओळखीबाहेरच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. पाच-सहा वेळा असं केलं की आपण स्वतःला फुगवतो की दाबतो, ते आकडेच सांगतील. फुगवत असाल तर अभ्यास वाढवा. दाबत असाल तर फॉर्म भरा.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलगी एखादी मोठी परीक्षा द्यायची म्हणाली, तर 'आपल्यात कोण करतं असं?' हा प्रश्न विचारू नका. फॉर्मची शेवटची तारीख विचारा.