पालकत्व मनाचेही घ्या

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेच्या अर्जाला जे कागद जोडावे लागतात, त्यांत एक छायाचित्र असते. राहत्या घरासमोर मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती, असे दोघे उभे. सोबत आईच्या किंवा वडिलांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या छायाचित्रात मुलाशेजारी अनेकदा आजी उभी असते. मुंबईत राबणारा मुलगा गेला, सून माहेरी परतली किंवा तीही गेली, आणि नातवंडे गावच्या घरी आली, ही कोकणातली जुनीच कहाणी. कागद पुरे झाले, गृहचौकशी झाली, बालकल्याण समितीचा आदेश निघाला की दरमहा २,२५० रुपये खात्यात जमा होऊ लागतात. ही रक्कम कित्येक वर्षे ४२५ रुपये होती. ती आधी १,१०० झाली आणि २०२३ मध्ये आजच्या आकड्यावर आली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून अशाच मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही वाढ व्हायलाच हवी होती. मात्र अर्जासोबतच्या त्या गठ्ठ्यात मुलाच्या मनाची विचारपूस करणारा एकही कागद नाही.

समितीचा आदेश निघतो, त्या दिवसापासून त्या मुलाच्या पालकत्वात सरकारचा वाटा सुरू होतो. मग मूल आजीकडे असो, काकाकडे असो, परक्या कुटुंबात असो की बालगृहात. २०१५ च्या बालन्याय कायद्याने हे मान्य केले आहे. त्याखालच्या नियमांत प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करायला सांगितला आहे आणि त्यात भावनिक व मानसिक आधाराच्या गरजेसाठी वेगळा रकाना आहे. तो रकाना भरायचा कोणी? जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या आकृतिबंधात समुपदेशकाचे पद एक. तालुके नऊ. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात एका माणसाने कितीही जीव ओतून काम केले, तरी किती मुलांशी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलणे होणार? आणि दुखावलेले मूल पहिल्या भेटीत बोलत नाही. ते बोलते चौथ्या-पाचव्या वेळी, समोरचा माणूस पुन्हा येतो याची खात्री पटल्यावर.

आठ-नऊ वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करू लागतो. जेवताना अर्धी भाकरी खिशात दडवतो. वर्गात नाव पुकारले तरी ओ देत नाही. एरवी शहाण्यासारखा वागणारा अचानक दुसऱ्या मुलाच्या अंगावर धावून जातो. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, शेजारी म्हणतात लाडावलाय, आजी देवळात जाऊन गाऱ्हाणे घालते. त्या गाऱ्हाण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. तिच्या हाताशी तेवढेच आहे. पण ज्या मुलाने वडिलांना तिरडीवर पाहिले आणि वर्षभरात आईलाही लांब जाताना पाहिले, त्याचे हे वागणे हट्ट नाही, दुखणे आहे. त्यावर उपचार आहेत. खेळातून, चित्रांतून, गप्पांतून मुलांशी काम करण्याची पद्धत आहे आणि ती शिकलेली माणसे आहेत. ती त्या आजीच्या वाटेवर कुठे भेटत नाहीत, हे खरे दुखणे.

आणि हे सारे कुठे? तर ज्या गावात १८८६ पासून सरकारी मनोरुग्णालय उभे आहे, त्या रत्नागिरीत. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपले ३६५ खाटांचे, चौघांत लहान. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०४ नुसार सरकारी बालगृहातल्या मुलाला मानसिक आजार असल्याचे दिसले, तर त्याला जवळच्या सरकारी वा सरकारी अनुदानावरच्या मानसोपचार केंद्रात नेणे तिथल्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. कलम १८ लहान मुलांसाठी सेवा उपलब्ध करण्याचे बंधन सरकारवर घालते. कलम ८७ म्हणते की अल्पवयीन मुलाला भरती करावेच लागले, तर ते प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबती पूर्ण काळ त्याच्याजवळ राहावा.

या शेवटच्या अटीपाशी थोडे थांबायला हवे. आईबाप असलेल्या मुलाच्या उशाशी आई बसते. बालगृहातल्या मुलाजवळ कोण बसणार? बालगृहाच्या काळजीवाहकाने यायचे तर मागे उरलेल्या मुलांना कोण पाहणार? आजीने यायचे तर गोठ्यातली गाय आणि घरातले धाकटे भावंड कोणाच्या भरवशावर? कायद्याने सोबती सक्तीचा केला, ते योग्यच केले, कारण मध्यरात्री जाग आलेल्या मुलाला ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे. पण त्या सोबत्याची व्यवस्था करायची तर त्यासाठी माणूस लागतो, त्याला पगार लागतो आणि अंदाजपत्रकात त्याचे नाव लागते. महिला व बालविकास विभाग आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून ठरवायची ही गोष्ट आहे.

पालक कुटुंबात मूल गेले की सारे आपोआप सुरळीत होते, अशी एक भाबडी समजूत आहे. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासाने या बाबतीत जगाला बरेच शिकवले. अनाथालयांतली १३६ लहान मुले निवडून त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने पालक कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणे, माणसांशी जुळणे सुधारले. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे सर्वाधिक सुधारले. मात्र त्या कुटुंबांना एकटे सोडलेले नव्हते; प्रशिक्षित कार्यकर्ते त्यांच्या सतत संपर्कात होते. कॅलिफोर्नियात तर सरकारच्या ताब्यातल्या मुलांना मानसोपचार मिळत नाहीत म्हणून २००२ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि २०११ मध्ये तडजोड होऊन राज्याला सेवा देणे भाग पडले. इतकी वर्षे आणि इतकी मुले खर्ची पडू न देताही आपल्याला शहाणे होता येईल.

या जिल्ह्याला मायेची परंपरा आहे. देवरुखला इंदिराबाई हळबे मावशींनी १९५४ मध्ये मातृमंदिर उभे केले आणि ‘गोकुळ’मध्ये निराधार मुलींना घर दिले. त्या कामापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण हळबे मावशी प्रत्येक तालुक्यात जन्माला येत नाहीत, आणि सरकारने त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसणे बरोबर नाही. मायेइतक्याच या जिल्ह्याने आपत्तीही पाहिल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले, खेडमध्ये दरड घरांवर आली. पंचनामे घरांचे झाले, गुरांचे झाले, भातशेतीचे झाले. त्या रात्री पाहिलेली मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. पाऊस जोरात लागला की त्यांच्या मनात काय उठते, याचा पंचनामा कोणत्या तलाठ्याच्या वहीत होणार?

काय करता येईल, हे अवघड नाही. मंडणगडच्या आजीला नातवाला घेऊन रत्नागिरी गाठायची तर तिचा सबंध दिवस आणि मजुरी जाते, शिवाय मनोरुग्णालयाच्या दारात मुलाला नेण्याची भीती वेगळी. म्हणून सेवा तिच्याकडे जायला हवी. दापोली, कळंबणी आणि कामथे इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. तिथे महिन्यातून ठरलेल्या दिवशी, मुलांबरोबर काम करायचे प्रशिक्षण घेतलेले मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसावेत, आणि बालसंगोपनातल्या व बालगृहातल्या प्रत्येक मुलाची भेट समितीच्या आदेशातच लिहिलेली असावी. येण्याजाण्याचे भाडे सोबत मिळावे. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या मानसोपचार विभागाने मनोरुग्णालयाच्या जोडीने बालकांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा. बंगळुरूच्या निमहान्समध्ये केंद्र सरकारने २०२० मध्ये अशाच मुलांसाठी ‘संवाद’ हा उपक्रम सुरू केला आहे. त्याचे प्रशिक्षण इथल्या समुपदेशकांना, समिती सदस्यांना आणि अंगणवाडी सेविकांना द्यावे. टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक पालक कुटुंबाच्या हाती असावा. फोनवरचा सल्ला तज्ज्ञाच्या भेटीची जागा घेत नाही, पण रात्री अकराला तोच उपयोगी पडतो.

पैशाचे कारण पुढे करू नये. जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे. त्यातून दोन वाढीव समुपदेशक, तीन केंद्रांतले मासिक दिवस आणि रुग्णालयातल्या मुलासाठी सोबती, एवढे बसवणे या जिल्ह्याला जड नाही. पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बालसंगोपनाच्या लाभार्थ्यांची यादी वाचताना त्यातल्या किती मुलांना या वर्षात समुपदेशक भेटला, तो आकडाही तिथेच मागावा.